फॉक्स नदीकाठचे स्वार

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना. काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी ज्यांनी स्वतःचा नफा-तोटा पाहिला नाही, त्या लोकांना. पुण्यात बसून हे लिहिणाऱ्या जोतीरावांनी अमेरिका पाहिलेली नव्हती. ही अर्पणपत्रिका वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घर करून होता. लिंकन सगळ्यांना ठाऊक असतो, पण प्रत्यक्ष लढायला गेले ते कोण? कुठल्या गावचे, घरी काय काम करणारे? भाची शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहते. तिच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा या प्रश्नाचं एक उत्तर तिच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर मिळालं. पुढचा सगळा प्रवास मग त्या उत्तराच्या मागे झाला.

ते ठिकाण म्हणजे सेंट चार्ल्स, फॉक्स नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं गाव. पूर्वेच्या काठावर लँगम पार्क नावाची बाग आहे. मोठी झाडं, मुलांचा खेळ चाललेला, आणि त्यातच इथे कॅम्प केन नावाची लष्करी छावणी होती हे सांगणाऱ्या खुणा. गुलामगिरी राखणारी दक्षिणेची राज्यं संघराज्यातून फुटली आणि उत्तर-दक्षिण यादवी पेटली, तेव्हा १८६१च्या सप्टेंबरात आसपासच्या गावांतले तरुण इथे तंबू ठोकून राहिले. त्यांना गोळा करणारा होता जॉन फार्न्सवर्थ. सेंट चार्ल्सचा वकील, अमेरिकन संसदेत निवडून गेलेला, गुलामगिरीचा कट्टर विरोधक आणि लिंकनचा मित्र. घोडदळाची एक रेजिमेंट उभी करण्याची परवानगी त्याने मिळवली आणि १८ सप्टेंबर १८६१ रोजी तिची रीतसर भरती झाली. सरकारदरबारी तिचं नाव ‘आठवी इलिनॉय घोडदळ’.

ही स्वयंसेवकांची रेजिमेंट होती. म्हणजे पगार नसलेली नव्हे. पगार होता, गणवेश होता, तीन वर्षांचा करार होता. पण हे लोक कायम फौजेतले नव्हते. युद्धाआधी अमेरिकेची खडी फौज जेमतेम सोळा हजारांची होती आणि तीही पश्चिमेकडच्या ठाण्यांवर विखुरलेली. त्यामुळे प्रत्येक राज्याने आपापल्या गावांतून माणसं उभी केली. एका कंपनीत एकाच भागातले शेतकरी, सुतार, लोहार, विद्यार्थी. शेजारच्या शेतातला मुलगा शेजारच्याच खोगिरावर. गोळी लागली की बातमी एकाच आळीत दोन-तीन घरांत जायची. ई कंपनीत ड्यूपेज काउंटीतली, म्हणजे नेपरव्हिल-व्हीटनच्या पट्ट्यातली पोरं होती. आज तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी घरंही बरीच आहेत. भाची म्हणाली, “मामा, आम्ही इतकी वर्षं इथे राहतो, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.” सांगणार कोण? तिथल्या शाळांत गेटिसबर्ग शिकवतात. व्हीटनचा सुतार शिकवत नाहीत. त्या सुताराकडे पुढे येतो.

ऑक्टोबरात ही मंडळी आगगाडीने वॉशिंग्टनला पोचली. लिंकनने त्यांना पाहिलं आणि फार्न्सवर्थची ही मोठी गुलामगिरीविरोधी रेजिमेंट, असं नाव दिलं, असं सांगतात. फॉक्स खोऱ्यातली ही गावं खरोखरच त्या विचाराची होती. त्या वेळी लिंकन सरकारचं जाहीर धोरण संघराज्य टिकवण्यापुरतंच होतं. गुलाममुक्तीचा जाहीरनामा अंमलात यायला १ जानेवारी १८६३ उजाडावी लागली. इलिनॉयचे हे स्वार सरकारच्या वर्ष-सव्वा वर्ष आधीच त्या मुक्कामाला पोचलेले होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जोतीरावांची अर्पणपत्रिका कुणाला शोभते, याचा विचार करताना राष्ट्राध्यक्षांइतकाच हाही रिसाला डोळ्यांपुढे यायला हवा.

आता घोड्यांचं. आपल्याकडे मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेचे स्वार शिलेदार होते आणि उत्तरेचे बारगीर. दक्षिणेचं सरकार स्वाराला त्याच्या घोड्याचं दिवसाला ४० सेंट भाडं द्यायचं. घोडा लढाईत मेला तर किंमत मिळायची, पण चालून चालून खचला तर स्वाराने आपला आपण दुसरा शोधायचा. सुरुवातीला हे त्यांच्या फायद्याचं होतं, कारण घोडे उत्तम आणि स्वार लहानपणापासून मांड ठोकलेले. इलिनॉयच्या पोरांनी घोडे पाहिले होते ते नांगराला जुंपलेले. त्यांना मैदानी चालीत बसायला शिकवण्यातच पहिला हिवाळा गेला. पण युद्ध लांबलं तसं पारडं फिरलं. १८६३ साली सरकारने वॉशिंग्टनमध्ये गीझबरो पॉइंटला घोड्यांचं प्रचंड आगार उघडलं. तीस हजार जनावरं राहतील एवढं. दक्षिणेचे शिलेदार तेव्हा नवा घोडा आणायला सुट्टी काढून घरी जात होते.

पहिल्या दीड वर्षात रेजिमेंटने पुष्कळ पाहिलं. १८६२ची दक्षिणेच्या राजधानीवरची, रिचमंडवरची मोहीम, मग मेरीलँडमध्ये अँटिटमची धुमाळी, मग फ्रेडरिक्सबर्गचा पराभव. या काळातलं त्यांचं काम म्हणजे मुख्यतः टेहळणी, चौक्या आणि पिछाडी सांभाळणं. फौज हटू लागली की सर्वांत शेवटी हटायचं. नावं घेऊन सांगावं असं त्यात थोडं, चिखल आणि ताप जास्त. रेजिमेंटचा डॉक्टर ॲबनर हार्ड याने युद्ध संपल्यावर, १८६८ साली, तिचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. डॉक्टरनेच इतिहास लिहावा हे योग्यच झालं. चार वर्षांत या रेजिमेंटचे ७ अधिकारी आणि ६८ स्वार लढाईत किंवा जखमांनी गेले. आजारपणात गेले १ अधिकारी आणि १७४ स्वार. विषमज्वर आणि हगवण यांच्या नावाने कुठे स्मारक उभारत नाहीत, म्हणून हा आकडा इथे मुद्दाम लिहितो.

शिकागोहून विमानाने वॉशिंग्टन आणि तिथून भाड्याच्या गाडीने नैर्ऋत्येला शंभरेक किलोमीटर गेलं की व्हर्जिनियातलं ब्रँडी स्टेशन लागतं. नाव स्टेशन असलं तरी मोजक्या घरांचं खेडं. ९ जून १८६३ रोजी इथे अमेरिकेच्या भूमीवरची सर्वांत मोठी घोडदळाची लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून वीस हजारांच्या आसपास लोक. कल्पेपरच्या छोट्या विमानतळाच्या शेजारून बेव्हर्लीज फोर्ड नावाचा रस्ता रॅपहॅनॉक नदीकडे जातो. फोर्ड म्हणजे उतार, पायी किंवा घोड्यावर नदी ओलांडण्याची जागा. त्या पहाटे साडेचारच्या सुमारास, धुक्यात, कर्नल बेंजामिन डेव्हिसच्या ब्रिगेडने हा उतार पार केला. पुढे आठवी न्यूयॉर्क, तिच्या मागोमाग आठवी इलिनॉय. पलीकडे दक्षिणेच्या जेब स्ट्युअर्टचं घोडदळ गाफील झोपलेलं. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, आणि त्यात समोरासमोर तलवारी. डेव्हिस पहिल्याच झटक्यात पडला. इलिनॉयचा मेजर अल्फियस क्लार्क जखमी झाला आणि पुढे त्या जखमेने गेला. मग सूत्रं हाती घेणारा कॅप्टन जॉर्ज फॉर्सिथ, तोही जखमी.

दिवस संपताना उत्तरेचं घोडदळ नदीपलीकडे परत गेलं, त्यामुळे कागदोपत्री ही लढाई दक्षिणेची. पण दोन वर्षं ज्यांची ‘यांना घोड्यावर बसता येत नाही’ अशी थट्टा होत होती, ते दिवसभर स्ट्युअर्टला बरोबरीने भिडले होते. त्या दिवसानंतर ती थट्टा बंद झाली. मैदान पाहताना हे लक्षात ठेवावं, नाहीतर नुसती कुरणं आणि कुंपणं दिसतात.

रेल्वेमार्गाजवळ ‘ग्रॅफिटी हाउस’ नावाचं दुमजली लाकडी घर आहे. युद्धात त्याचा दवाखाना म्हणून उपयोग झाला. वरच्या मजल्यावरच्या भिंतींवर दोन्हीकडच्या सैनिकांनी कोळशाने आणि पेन्सिलीने नावं, चित्रं, रेजिमेंटचे आकडे काढून ठेवलेले आहेत. पुढे गिलाव्याखाली ते दडून गेले आणि १९९३ साली घराची डागडुजी करताना बाहेर आले. एका भिंतीजवळ मी बराच वेळ थांबलो. कोळशाची रेघ कुठे जाड, कुठे थरथरलेली. घोडा काढणाऱ्याला घोडा नीट येत होता. माणसांचे हात त्याला जमत नव्हते. हे काढणारा अंथरुणावर पडून होता की खिडकीशी उभा, हे रेघेच्या उंचीवरून तर्काने ठरवायचं. पुस्तकातल्या रेजिमेंटला इथे माणसाचा हात लागलेला दिसतो.

या मैदानावर एकदा मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक बांधायचं घाटत होतं. फ्लीटवूड टेकडीवर, जिथे स्ट्युअर्टचा तळ होता, तिथे मोठा बंगलाही उभा राहिला. इतिहासप्रेमी नागरिकांनी लढून शर्यतीचा बेत हाणून पाडला. पुढे वर्गणीतून टेकडी विकत घेतली आणि बंगला काढून टाकला. २०२४ सालापासून कल्पेपर भागातल्या या रणभूमी व्हर्जिनियाच्या राज्य उद्यानात आल्या आहेत. आपल्याकडच्या रणभूमींचं काय झालं आहे ते आठवून हे लिहिताना मला हेवा वाटतो आहे, तो लपवत नाही.

ब्रँडी स्टेशनहून निघालं की महामार्ग १५ उत्तरेला घेऊन जातो. लीझबर्ग, पोटोमॅक नदी, फ्रेडरिक आणि मग गेटिसबर्ग. १८६३च्या जूनमध्ये साधारण याच पट्ट्यातून दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली आपली फौज घेऊन उत्तरेत शिरला आणि त्याच्या मागावर उत्तरेची फौज निघाली. वाटेत २१ जूनला अपरव्हिलला इलिनॉयचे स्वार पुन्हा स्ट्युअर्टशी लढले. ३० जूनच्या सकाळी अकराच्या सुमारास जनरल जॉन ब्युफर्डच्या हाताखाली त्यांनी गेटिसबर्गमध्ये पाऊल टाकलं. गाव त्यांच्या स्वागताला रस्त्यावर आलं होतं.

गावातली काळी माणसं मात्र बहुतेक गेलेली होती. हे मी आवर्जून सांगतो, कारण सहली चालवणारे ते ओझरतं सांगतात. पेन्सिल्व्हेनिया हे गुलामगिरी नसलेलं राज्य आणि गेटिसबर्गमध्ये स्वतंत्र काळ्या नागरिकांची वस्ती होती. लीची फौज उत्तरेत शिरली तेव्हा तिने वाटेतल्या काळ्या माणसांना, मग ते पळून आलेले असोत की जन्मापासून स्वतंत्र, धरून दक्षिणेत गुलाम म्हणून पाठवलं. म्हणून ही कुटुंबं जीव घेऊन पळाली. अब्राहम ब्रायन या काळ्या शेतकऱ्याचं पांढरं छोटं घर सेमेटरी रिजवर आजही आहे. लढाईनंतर तो परतला तेव्हा शेत, कुंपण, बाग सगळं उद्ध्वस्त झालेलं. हे युद्ध कशासाठी होतं असा वाद अजूनही घालणाऱ्यांनी त्या घरापुढे पाच मिनिटं उभं राहावं.

ब्युफर्डकडे दोन ब्रिगेड होत्या, तीन हजारांच्या आत माणसं. पहिलीचा प्रमुख कर्नल विल्यम गँबल. आयर्लंडमध्ये जन्मलेला इंजिनियर, पूर्वी अमेरिकेच्या खड्या फौजेतल्या ड्रॅगून पथकात नोकरी केलेला, आठव्या इलिनॉयचाच माणूस. त्याच्या ब्रिगेडमध्ये सुमारे सोळाशे स्वार. आठव्या इलिनॉयचं नेतृत्व त्या दिवशी मेजर जॉन बेव्हरिजकडे, जो पुढे इलिनॉयचा गव्हर्नर झाला. ब्युफर्डला गावाचा भूगोल एका नजरेत कळला. गावाच्या दक्षिणेला उंचवटे आहेत. ते ज्याच्या हाती, त्याची लढाई. आपलं पायदळ अजून मागे आहे. तेव्हा पश्चिमेकडून येणाऱ्या शत्रूला गावाबाहेरच्या एकामागून एक टेकाडांवर अडवायचं, मागे सरायचं, पुन्हा अडवायचं. जिंकायचं नाही, वेळ काढायचा. चौक्या चार-पाच किलोमीटर पुढे, मार्श क्रीक नावाच्या ओढ्यापर्यंत नेऊन बसवल्या.

चेंबर्सबर्ग रस्त्यावर, नॉक्सलिन रस्ता जिथे फुटतो तिथे, माझ्याबरोबरच्या गाइडने गाडी उभी करायला सांगितली. गेटिसबर्गला परवानाधारक गाइडची पद्धत १९१५ सालापासून आहे. परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो आणि गाइड तुमच्याच गाडीत बसून, बहुधा तुमचीच गाडी चालवत, मैदान दाखवतो. आमचे गाइड निवृत्त शिक्षक होते. रस्त्याच्या कडेला, घराच्या अंगणालगत, एक बारीक चौकोनी दगडी खांब. माणसाच्या छातीच्या आसपास उंची. वाहनं वेगाने जात होती आणि एकही थांबत नव्हतं.

१ जुलै १८६३, सकाळी साडेसात. ई कंपनीच्या चौकीवर लेफ्टनंट मार्सेलस जोन्स. हाच तो व्हीटनकडचा सुतार. मार्श क्रीकच्या पुलाकडे त्याला धूळ दिसली, मग रांगा दिसल्या आणि रांगेबाजूने चालणारा एक घोडेस्वार अधिकारी. जोन्सने शेजारच्या सार्जंट लेव्ही शेफरकडून त्याची कार्बाइन, म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक, मागून घेतली, कुंपणाच्या लाकडावर टेकवली आणि त्या अधिकाऱ्यावर नेम धरून चाप ओढला. अंतर सहाशे-सातशे मीटर; गोळी कुणाला लागली नाही. समोरचे मात्र थांबले, रस्ता सोडून पसरू लागले, आणि गेटिसबर्गची लढाई सुरू झाली. १८८६ साली जोन्स, शेफर आणि लेफ्टनंट रिडलर या तिघांनी नेपरव्हिलच्या खाणीतला दगड घडवून आणला आणि त्याच जागी रोवला. त्यावर वेळ कोरली आहे, गोळी कुणी झाडली ते कोरलं आहे आणि कार्बाइन शेफरची होती हेही कोरलं आहे. मित्राचं श्रेय दगडावर लिहून ठेवणारा हा जोन्स मला मनापासून आवडला. पुढे तो व्हीटनचा पोस्टमास्तर झाला. पहिल्या गोळीचा दावा नवव्या न्यूयॉर्क घोडदळाच्या एका जवानाच्या नावेही सांगतात. जुन्या सैनिकांच्या मेळाव्यांत यावर बरीच भांडणं झाली. पुरावा जोन्सच्या बाजूने जास्त आहे असं गाइडचं म्हणणं पडलं आणि मला ते पटलं.

त्या कार्बाइनविषयी थोडं सविस्तर. ती शार्प्स बनावटीची. पायदळाची बंदूक नळीच्या तोंडातून भरायची. दारू ओता, गोळी सारा, गज ठोका. चांगला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. शार्प्स मागून भरायची. चापाभोवतीची पट्टी खाली ओढली की नळीमागचा ठोकळा खाली सरकतो, काडतूस आत सारायचं, पट्टी वर घेतली की ठोकळा काडतुसाची शेपटी कापतच बंद होतो, वर बार पेटवणारी टोपी बसवायची, झाली बंदूक तयार. मिनिटाला आठ-दहा बार, आणि तेही जमिनीवर पालथं पडून. ब्युफर्डच्या लोकांकडे सात गोळ्यांच्या स्पेन्सर बंदुका होत्या असं पुष्कळ पुस्तकांत येतं. ते खरं नाही. त्यांच्याकडे होत्या या एकेरी गोळीच्या कार्बाइनी. शिवाय घोडदळ पायउतार होऊन लढतं तेव्हा दर चौथा स्वार मागे राहून आपला आणि तिघांचा, असे चार घोडे धरतो. म्हणजे सोळाशेतले गोळ्या झाडणारे बाराशे. समोर जनरल हेनरी हेथची पूर्ण डिव्हिजन, सात हजारांच्या घरात पायदळ, मागे तोफा.

पश्चिमेकडून गावाकडे गाडी हळूहळू आणली की हा डाव डोळ्यांना कळतो. एक टेकाड चढा, पुढे उतार, ओढा, पुन्हा टेकाड. हेर्स रिज, मग विलोबी रन, मग मॅकफर्सन रिज. प्रत्येक टेकाडावर इलिनॉय, इंडियाना आणि न्यूयॉर्कचे स्वार कुंपणामागे पडून बार काढायचे. समोरचे रांगा मोडून लढाईच्या ओळीत पसरायचे, त्यात अर्धा तास जायचा. मग स्वार घोड्यांवर बसून पुढच्या टेकाडावर. पाच किलोमीटर चालायला पायदळाला तासभर पुरतो. त्या सकाळी हेथला जवळजवळ तीन तास लागले. दहाच्या पुढे उत्तरेच्या जनरल रेनॉल्ड्सचं पायदळ धावत मैदानात आलं आणि स्वारांची ओळ त्यांच्या हवाली झाली. थोड्याच वेळात रेनॉल्ड्स तिथल्याच झाडीत मारला गेला.

मॅकफर्सन रिजवर ब्युफर्डचा पुतळा आहे, १८९५ सालचा. त्याच्या पायाशी चार तोफनळ्या आहेत. त्यातली एक, २३३ क्रमांकाची, उत्तरेच्या बाजूने त्या लढाईतला पहिला गोळा फेकणारी. पूर्वेला सेमिनरीच्या, म्हणजे पाद्र्यांच्या शाळेच्या, इमारतीवरचा घुमट दिसतो. त्यात उभा राहून ब्युफर्ड मैदान पाहत होता. आता ते संग्रहालय आहे आणि तिकीट काढून घुमटात चढता येतं. अवश्य चढावं. वरून पश्चिमेची सगळी टेकाडं एका ओळीत दिसतात. इलिनॉयने १८९१ साली उभारलेलं रेजिमेंटचं ग्रॅनाइटचं स्मारक रेनॉल्ड्स ॲव्हेन्यूवर आहे. त्या दिवशी ४७० जण लढले, पाच जखमी, एक बेपत्ता आणि एक मृत : ई कंपनीचा डेव्हिड डिफेनबॉ.

इतकी महत्त्वाची कामगिरी आणि मृत एकच, हे पाहून काही जण खांदे उडवतात. मला उलट वाटतं. आडोसा ओळखून, वेळेवर मागे सरून, आपली माणसं न गमावता शत्रूचे तीन तास खाणं, ही पक्क्या शिपाईगिरीची खूण आहे. दोन वर्षांपूर्वी लगाम कसा धरायचा हे शिकणाऱ्या शेतकऱ्यांनी ते केलं. दुपारी पायदळाची फळी मोडली तेव्हा गँबलचे स्वार पुन्हा सेमिनरी रिजवर भिंतीआडून लढले आणि माघार घेणाऱ्यांची डावी बाजू त्यांनी राखली. दुसऱ्या दिवशी ब्युफर्डला मैदान सोडून वेस्टमिन्स्टरला जायचा हुकूम आला. उरलेले दोन दिवस लढाई झाली ती त्यांनी राखून दिलेल्या उंचवट्यांवर.

रेजिमेंटचा एक माणूस मात्र मागे राहिला. ईलॉन फार्न्सवर्थ, जॉन फार्न्सवर्थचा पुतण्या, आठव्या इलिनॉयचा कॅप्टन. लढाईच्या दोन दिवस आधी, २९ जूनला, त्याला कॅप्टनचा एकदम ब्रिगेडियर जनरल केलं होतं. वय २५. ३ जुलैच्या संध्याकाळी, लढाईचा निकाल लागून गेल्यावर, त्याचा वरिष्ठ जनरल किलपॅट्रिक याने त्याला बिग राउंड टॉपच्या पायथ्याशी दगडधोंड्यांतून, कुंपणांमागच्या पायदळावर घोडे घालायला सांगितलं. फार्न्सवर्थने हरकत घेतली. हुकूम कायम राहिला. तो गेला आणि परतला नाही. ती जागा पायवाटेने पाहता येते. दगड इतके आहेत की चालतानाही पायाखाली बघावं लागतं. असा हुकूम देणाऱ्याला मी कधीच माफ करू शकणार नाही.

ब्युफर्ड त्याच वर्षी डिसेंबरात विषमज्वराने गेला. १८६४च्या सुरुवातीला रेजिमेंटमधल्या बहुतेकांनी करार वाढवून घेतला. तीन वर्षं पुरी करून घरी जायचा हक्क असताना ते पुन्हा सहीला उभे राहिले.

परतीच्या वाटेवर, गेटिसबर्गच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर फ्रेडरिक आणि त्याला लागून मोनोकॅसी नदीची रणभूमी. गेटिसबर्गला लोटणाऱ्या गर्दीतले फार थोडे इथे उतरतात. १८६४च्या जुलैत दक्षिणेचा जुबल अर्ली चौदा-पंधरा हजार माणसं घेऊन थेट वॉशिंग्टनवर निघाला. राजधानीतली फौज उत्तरेचा सेनापती ग्रँट याने पीटर्सबर्गला नेली होती; तटबंदी होती, तीत माणसं नव्हती. वाटेत फ्रेडरिक शहराकडून अर्लीने दोन लाख डॉलर खंडणी वसूल केली. बँकांकडून काढलेलं ते कर्ज शहर १९५१ सालापर्यंत फेडत होतं.

अर्लीच्या आडवा आला जनरल ल्यू वॉलेस. तोच, ज्याने पुढे ‘बेन-हर’ कादंबरी लिहिली. त्याच्याकडे सहा हजारांच्या आसपास लोक. त्यात लेफ्टनंट कर्नल डेव्हिड क्लेंडेनिनच्या हाताखाली आठव्या इलिनॉयच्या काही कंपन्या. अर्ली कुठून, किती बळाने येतो आहे ही पहिली खात्रीची खबर वॉलेसला त्यांच्याकडून मिळाली. ९ जुलैला दिवसभर लढाई झाली. क्लेंडेनिनच्या स्वारांनी नदीचे खालचे उतार राखले आणि शेवटी अर्बाना गावापर्यंत पिछाडी सांभाळत ते मागे गेले. वॉलेस हरला, तेराशेच्या आसपास माणसं गमावली. अर्लीचा मात्र एक पूर्ण दिवस गेला. ११ जुलैला तो फोर्ट स्टीव्हन्सपुढे आला, त्याच दिवशी ग्रँटने पाठवलेली कुमक वॉशिंग्टनच्या धक्क्यावर उतरत होती. मोनोकॅसीवर एक दिवस कमी पडला असता, तर त्या तटावर तिला पोचायला उशीर झाला असता. आज आंतरराज्य महामार्ग २७० या रणभूमीच्या पोटातून गेला आहे. थॉमस फार्मच्या पायवाटेवर चालताना ट्रकांचा आवाज सतत येतो. तरी वाट चांगली आहे, पाट्या नेमक्या आहेत आणि उद्यानाला प्रवेश फुकट.

उरलेलं युद्ध रेजिमेंटने वॉशिंग्टनभोवती दक्षिणेच्या मॉस्बीच्या गनिमांशी झुंजत काढलं. एप्रिल १८६५मध्ये लिंकनचा खून झाला तेव्हा मारेकरी बूथच्या शोधात दक्षिण मेरीलँडच्या दलदलीत जी पथकं फिरली, त्यात आठवी इलिनॉय होती. बूथ सापडला तो दुसऱ्या रेजिमेंटला. खुनाच्या कटातल्या आरोपींना शिक्षा ठोठावणाऱ्या नऊ जणांच्या लष्करी आयोगावर मात्र ल्यू वॉलेस होता आणि क्लेंडेनिनही होता. १७ जुलै १८६५ रोजी रेजिमेंट मोडली. गँबल खड्या फौजेत गेला आणि १८६६ साली कॅलिफोर्नियाकडे जाताना निकाराग्वात पटकीने वारला. जॉन फार्न्सवर्थ संसदेत परतला होता. गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या वेळी तो सभासद होता.

तुमचं कुणी शिकागोकडे किंवा वॉशिंग्टनकडे राहत असेल आणि तुम्ही तिकडे जाणार असाल, तर या वाटेसाठी सवड काढा. ब्रँडी स्टेशनच्या ग्रॅफिटी हाउसच्या वेळा मर्यादित असतात, त्या आधी पाहून घ्या. गेटिसबर्गला गाइड आगाऊ ठरवा आणि पश्चिमेकडून सुरुवात करायची आहे, जोन्सचा दगड पाहायचा आहे, असं त्याला स्पष्ट सांगा. नाहीतर तो बहुधा तुम्हाला थेट सेमेटरी रिजवर नेईल. दगड महामार्गाच्या अगदी काठावर आहे. गाडी नॉक्सलिन रस्त्यावर लावा आणि सांभाळून पलीकडे जा.